फळीच्या अलीकडे तू

धक्क्यावर कुणालाही विचारलं असतं तर त्यानं थोरल्याची ओळख दोन वाक्यांत करून दिली असती. इंजिनाचा आवाज ओळखावा तर त्यानंच, आणि त्याला स्वतःला मात्र आवाजच नाही. पहिलं वाक्य खरं होतं. जेवायला बसलेला असताना जहाजाच्या पोटात काही वेगळं वाजलं की त्याचा घास हातातच थांबायचा. दुसरं वाक्य अर्धंच खरं. जहाजावर तो मुका होता, पण घरात त्याला आवाज होता आणि तो चांगला खणखणीत होता.

घर म्हणजे दोन खोल्या, मागं मोरी आणि पुढं रस्त्यावर उतरणाऱ्या दगडी पायऱ्या. त्यातली मधली पायरी हलायची. ती पक्की बसवायची हे थोरल्याच्या मनात कायम असायचं, पण अख्ख्या जहाजाची डागडुजी करणाऱ्या माणसाला घरच्या पायरीपाशी बसायला वेळ कुठला? धाकटा लहानपणापासून त्या पायरीवर धडपडत आला. धावत निघाला की आतून थोरल्याची हाक यायची, "अरे, पायरी!" आणि धाकट्याचा पाय हवेतच सावरायचा. पाठीवर धपाटा घातल्यासारखी ती हाक होती. तिच्यात राग होता, माया होती, आणि सगळ्यात जास्त म्हणजे हक्क होता.

हक्क असणारच. आईबाप गेले तेव्हा थोरल्याला मिसरूड फुटत होतं. मधली बहीण आणि हा शेंडेफळ, दोघांना त्यानंच वाढवलं. बहिणीला तो स्वतःही ताईच म्हणायचा. पुढं तिचं लग्न लावून दिलं आणि तिच्या नवऱ्याला, दाजींना, आपल्याच जहाजावर दोरखंडाच्या कामाला घेतलं. दाजी म्हणजे हसरा माणूस. वादळातसुद्धा कुणाची तरी फिरकी घेतल्याशिवाय त्यांचा दिवस जायचा नाही. आणि धाकटा? तो शिकला, परीक्षा पास झाला आणि एक दिवस त्याच जहाजाचा कप्तान होऊन आला. मालाची पोती समोरच्या बेटांवर पोचवणारं छोटंसं जहाज ते. पण थोरल्याची मान त्या दिवशी अशी ताठ झाली होती की तेलकट कपड्यांतही तो नवरदेवासारखा दिसत होता.

पहिल्याच दिवशी त्यानं इंजिनापासून वर सुकाणूपाशी जाऊन सगळ्यांसमोर धाकट्याला विचारलं, "अरे, चहा घेतलास का?"

सुकाणूवर उभा असलेला माणूस फिस्सकन हसला. "कप्तानसाहेबांचं दूध तोडलं नाही वाटतं अजून."

धाकट्याचे कान लाल झाले. थोरल्यानं ते पाहिलं. संध्याकाळी घरी परतताना तो म्हणाला, "उद्यापासून फळी ओलांडली की मी तुला तुम्ही म्हणणार."

"दादा, काहीतरीच काय. मला ऐकवणार नाही ते."

"सवय होईल. कप्तानाला कुणी अरेतुरे केलं की बाकीची माणसं त्याचा शब्द झेलत नाहीत. तू मला मिस्त्री म्हणायचं. धक्क्यावरून जहाजावर जायची ती फळी आहे ना, तिच्या अलीकडे तू, पलीकडे तुम्ही."

ठरलं ते ठरलं. वर्षानुवर्षं त्यात खंड पडला नाही. दाजींना मात्र त्याची भारी गंमत वाटायची. ते म्हणायचे, "दादा, कप्तान फळीच्या मधोमध असला की काय म्हणायचं हो? तुम्हीतू?"

धाकटा कप्तान चांगला होता, पण त्याला भीती ठाऊक नव्हती. धुक्यात जहाज हाकायचा. खडकांमधली अरुंद वाट धरायचा. दर वेळी समुद्रानं त्याला सोडून दिलं, आणि दर वेळी त्याला वाटलं, आपण जिंकलो. पलीकडच्या धक्क्यावर उतरला की लोक पाठ थोपटायचे. खाली इंजिनाशेजारी थोरला घामानं डबडबलेला बसून असायचा. त्याची पाठ कोण थोपटणार?

तो दिवस सकाळपासूनच वाऱ्याचा होता. बंदरावर धोक्याचा बावटा चढला होता. सगळ्या जहाजांनी दोरखंड दुहेरी बांधले होते. यांच्या जहाजाची तर त्यात आणखी एक रड होती. पोती भरायच्या खणावरचं लोखंडी झाकण नीट बसत नव्हतं, त्याच्या कडेचं रबर फाटलं होतं. खणात पाणी शिरलं तर उपसायला पंप होता, पण तो पोत्यांतून सांडलेल्या भुशानं तुंबलेला. हे कुणापासून लपलेलं नव्हतं. धाकट्यानंही झाकणावरून बोट फिरवून पाहिलं आणि हात झटकून म्हणाला, "परवासुद्धा असंच होतं. पोचलो ना? निघायचं."

स्वयंपाकी पिशवी खांद्याला लावून धक्क्यावर उतरला. "मी नाही येत. नोकरीवरून काढा."

"उतरलात तर परत चढू नका," धाकटा वरून म्हणाला. स्वयंपाकी थोडा वेळ घुटमळला आणि मान खाली घालून परत चढला.

मग सगळे थोरल्याभोवती जमले. सुकाणूवाला म्हणाला, "मिस्त्री, तुम्हीच सांगा. आमचं कोण ऐकतंय. घरी तुम्ही बसल्याशिवाय तो बसत नाही म्हणतात."

दाजी हसले नाहीत. म्हणाले, "दादा, कान धरा त्याचा. आज काही खरं दिसत नाही."

थोरला हात पुसत वर गेला. धाकटा काचेपाशी पाठमोरा उभा होता. समोर पाणी उकळीसारखं वर येत होतं. थोरल्याच्या ओठांवर सगळं तयार होतं. अरे, वेडा आहेस का तू? चल, उतर खाली. एवढंच. घरी असता तर कधीच म्हणाला असता. पण पाठीमागच्या उघड्या दारातून सगळी माणसं कान लावून होती, आणि त्याला ते जुनं फिस्सकन हसणं ऐकू आलं.

"कप्तान," तो म्हणाला, "आज थांबलात तर बरं, असं सगळ्यांचं म्हणणं आहे."

धाकटा वळला. त्यानं भावाकडे पाहिलं, आणि पाहतच राहिला. कशाची तरी वाट पाहिल्यासारखं.

"आणि तुमचं, मिस्त्री?"

थोरल्याचा घसा कोरडा पडला. "झाकण बसत नाही. पंप तुंबलाय. बाकी... तुम्ही म्हणाल तसं."

"मग निघू या," धाकटा म्हणाला आणि पुन्हा काचेकडे वळला.

जहाज निघालं. धक्क्यावरची माणसं हातातली कामं टाकून बघत राहिली. अर्धी वाट ठीक गेली. मग एक लाट थेट झाकणावर आदळली आणि त्याची एक बाजू उचलली गेली. पाणी आत शिरलं. पोती भिजून फुगली, जहाज एका अंगाला कललं. थोरला खाली पंपाशी झटत होता. भुसा हातानं उपसून काढत होता, नखं रक्ताळली तरी. वरून हुकूम ऐकू आला, ताडपत्री टाकून झाकण बांधा. दोरखंडाचं काम दाजींचं. ते गेले. सुकाणूवाल्यानं नंतर सांगितलं, जाता जाता ते म्हणाले होते, "हे झाकण माझ्या बायकोसारखं आहे, मी मनवल्याशिवाय बसायचं नाही." ताडपत्री बांधली त्यांनी. शेवटची गाठ मारून उठताना दुसरी लाट आली. ती ओसरली तेव्हा गाठ जागेवर होती, दाजी नव्हते.

आणि जहाज पोचलं. धाकट्यानं म्हटलं होतं तसंच पोचलं. यापेक्षा वाईट काय व्हायचं होतं? बुडालं असतं तर सगळे सुटले असते, असं थोरल्याला पुढं कितीतरी दिवस वाटत राहिलं.

ताईला सांगायला तोच गेला. ती भिंतीला टेकून बसली. रडली नाही. तिनं विचारलं, "तू काही बोलला नाहीस त्याला?"

"बोललो."

"काय बोललास?"

थोरल्यानं आपली वाक्यं जशीच्या तशी सांगितली.

"त्याला 'तुम्ही' म्हणालास?" एवढंच तिनं विचारलं. मग पदर तोंडात धरून ती रडायला लागली.

चौकशी झाली, धाकट्याचा परवाना गेला. थोरल्यानंही समुद्र सोडला आणि धक्क्यावरच्या कारखान्यात इंजिनं दुरुस्त करायला लागला. ताई माहेरच्या त्या दोन खोल्यांत राहायला आली. धाकटा वेगळी खोली घेऊन राहू लागला, पण रोज संध्याकाळी यायचा आणि उंबऱ्यापाशी उभा राहायचा.

"या," थोरला म्हणायचा. "बसा."

पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा धाकट्याला वाटलं, आपण चुकून ऐकलं. मग कळलं की ते तसंच राहणार. एक दिवस तो भावाच्या पायाशी बसला. "दादा, शिव्या दे. चपलेनं मार. पण 'तू' म्हण. त्या दिवशी मी त्याचीच वाट बघत होतो रे. तू एकदा अरे म्हणाला असतास ना, तर उतरलो असतो. मला स्वतःहून उतरता येत नव्हतं. सगळे बघत होते."

"तुमचा चहा गार होतोय," थोरला म्हणाला.

ताईला वाटायचं, ही शिक्षा आहे. धाकट्यालाही तेच वाटायचं. थोरल्यानं कुणाला काही सांगितलं नाही. पण जो शब्द लागला तेव्हा तोंडातून निघाला नाही, तो आता कुठल्या तोंडानं काढायचा? घरात असलेली एकुलती एक चांगली वस्तू गहाण पडावी, तसा तो शब्द त्याला वाटायचा. आता तो आपला नाही.

असंच चालू राहिलं. धाकट्याचे केस पिकायला लागले. एका संध्याकाळी पाऊस नुकताच थांबला होता. धाकटा चहा पिऊन उठला, "येतो" म्हणाला आणि मान खाली घालून निघाला. दगड ओले होते. त्यानं मधल्या पायरीवर पाय ठेवला आणि ती कलली.

"अरे, पायरी!"

धाकट्यानं दाराची चौकट धरली. सावरला. मग कुणीच हललं नाही. थोरला खाटेवर अर्धवट उठलेला, हात पुढं केलेला, तसाच राहिला. किती सहज निघाला होता तो शब्द. घसा कोरडा पडला नाही, जीभ अडली नाही. एका हलत्या दगडासाठी.

ताई रिकाम्या कपबशा हातात घेऊन आतल्या दारात उभी होती.

"एवढंच होतं, दादा," ती हळू म्हणाली. "एवढंच म्हणायचं होतं." आणि ती आत गेली. आतून कपबशा विसळल्याचा आवाज येत राहिला, त्या कधीच स्वच्छ झाल्या असतील तरीही.

धाकटा ओल्या पायरीवर बसला आणि त्यानं गुडघ्यांत तोंड घातलं. थोरला भिंतीला धरून खाली आला, त्याच्या शेजारी बसला. तळहातानं दगड दाबून पाहिला. दगड हलला. त्यानं आणखी जोर लावला, आणि अंधार पडेपर्यंत तो तसाच दगडावर हात दाबून बसून राहिला.