चाळिसावा डाव

आमच्या ह्यांचं नाव उत्तरेश्वर. स्वारगेटला एसटीत वाहतूक नियंत्रक होते, आता रिटायर झालेत. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या वेळेवर सोडल्या. स्वतः मात्र जेवायला हाक मारल्यावर कधी वेळेत उठले नाहीत, कारण समोर बुद्धिबळाचा पट.

त्यांचा एक लाडका डाव आहे. सहाव्या चालीला घोडा देऊन टाकायचा, बदल्यात एक प्यादं घ्यायचं आणि समोरच्याच्या राजाला उघड्यावर ओढायचं. डेपोच्या कँटीनमध्ये भलेभले ड्रायव्हर ह्या डावानं घायकुतीला आले. बक्षिसं फार मिळाली नाहीत, पण ‘गुंजाळसाहेबांचा घोडा’ म्हणून नाव झालं आणि माणूस तेवढ्यावर खूश.

यंदा कोथरूडला साठीपुढच्यांची स्पर्धा होती. आमच्या मुलानं, योगेशनं, लॅपटॉपवर बुद्धिबळ खेळणारं इंजिन घालून दिलं आणि त्याची ताकद कमी करून स्पर्धेतल्या चांगल्या खेळाडूइतकी ठेवली. ह्यांनी घोडा दिला की पडद्यावर आकडा यायचा, मायनस अडीच. म्हणजे तुम्ही हरताय. शून्य आलं तर बरोबरी. शेंगा सोलता सोलता एवढं मलाही कळायला लागलं.

ह्यांनी जाहीर केलं, चाळीस डाव खेळणार. एक जरी बरोबरीत सुटला तरी स्पर्धेत हाच डाव खेळायचा. नाही सुटला, तर ह्या जन्मात पुन्हा नाही. मशीननं पहिल्याच दिवशी निकाल दिलाय, असं मी म्हटलं, तर म्हणाले, मशीननं कँटीन कुठे पाहिलंय.

रोज दुपारी चार वाजता बसायचे. मशीन चुटकीसरशी चाल करायचं. हे शेजारी लाकडी पट मांडून अर्धा अर्धा तास विचार करायचे. एकोणचाळीस डाव पालथ्या घड्यावर पाणी. त्यातले पाच-सहा तर नुसते हातामुळे गेले. गेल्या वर्षापासून ह्यांचा उजवा हात कापतो. माउस घसरायचा आणि सोंगटी भलत्याच घरात पडायची. चाल मागे घ्यायचं बटण योगेशनं दाखवलं होतं, पण ह्यांनी ते कधी दाबलं नाही. सोंगटीला हात लागला की चाल झाली, मग समोर माणूस असो की मशीन. त्या यंत्राशी कसला एवढा सज्जनपणा, म्हणून मी दहा वेळा चिडले.

चाळिसाव्या डावात आकडा शून्यावर आला आणि तिथेच राहिला. मी गॅस बंद करून मागे उभी राहिले. दोघांकडे एकेक हत्ती उरला होता. चार-पाच चाली सांभाळल्या की सुटलो. तेवढ्यात हात कापला आणि हत्ती एक घर अलीकडेच सुटला. मायनस सहा. हे उठून तोंड धुवायला गेले.

मी बटण दाबलं. खरं सांगते, जराही मागेपुढे पाहिलं नाही. आधी मशीनची चाल मागे गेली, मग ह्यांची. हत्ती जागेवर आला, शून्य आलं.

हे परत आले. पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. खुर्चीत बसले. डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलं, हत्ती उचलला आणि नेमका त्याच चुकीच्या घरात ठेवला. पुढच्या नऊ-दहा चालींत मात झाली.

मला रडूही आलं आणि रागही आला.

"अहो, कुणाला कळणार होतं?"

"आपल्या दोघांना," हे म्हणाले.

मग त्यांनी लॅपटॉप मिटला. कोथरूडला आपला साधाच डाव खेळेन म्हणाले. मला वाटलं, आता आतल्या खोलीत जाऊन पडतील. पण त्यांनी लाकडी पट पुढे ओढला आणि दोन्ही बाजूंच्या सोंगट्या लावायला घेतल्या. छत्तीस वर्षांत मी त्या पटासमोर कधी बसले नव्हते, कुणी बसवलंही नव्हतं.

"बस, द्वारका," हे म्हणाले. "तुला चाल परत घ्यावीशी वाटली, तर घे. कितीही वेळा."