न प्यायलेला कहवा

साठच्या दशकात मी पंपमिस्त्री म्हणून आखातातल्या रास अल खैमाला गेलो, तेव्हा आजचा एकसंध देश अजून व्हायचा होता. सात शेख, सात झेंडे, आणि डोंगरात शिरलं की गावागावात जुनं वैर. इंग्रजांच्या पैशावर चालणारी एक विकास कचेरी तिथे काम करायची. पाणी दिलं की माणसं बंदुका खाली ठेवतात, असं आमच्या साहेबाचं मत होतं. मला ते पटायचं नाही. आमच्या रत्नागिरीत पाणी बक्कळ आहे, म्हणून भाऊबंदकी थांबली आहे का?

एका डोंगरात आम्ही वरच्या गावाच्या हद्दीत विहीर खणून पंप बसवला. टाकी मात्र वरच्या आणि खालच्या, दोन्ही गावांनी वापरायची होती. पंप विलायतेचा, पाइप आणखी कुठल्या देशाचे, मिस्त्री रत्नागिरीचा. भांडण तेवढं अस्सल गावचं. खालच्या गावातल्या कुणीतरी वरच्या गावच्या म्होरक्याच्या भावाला मांडीत गोळी घातली होती. तेव्हापासून येणंजाणं बंद. खालच्यांना टाकीजवळ फिरकू देणार नाही, असं वरच्यांनी ठणकावलं होतं.

त्यात म्होरक्याची एकुलती लेक खालच्या गावात दिलेली. तिला बाळ झाल्याचं म्हाताऱ्याच्या कानावर आलं होतं, पण नातवाचं तोंड त्याने पाहिलं नव्हतं. सख्खा भाऊ लंगडत असताना घरात तो विषय काढायची सोय नव्हती. सगळं गाव हे जाणून होतं, आणि सगळं गाव गप्प होतं.

शेवटी साहेबाने निरोप धाडला, आज होकार आला नाही तर पंप उपसून दुसरीकडे नेऊ. माझं पित्तच खवळलं. महिनाभर उन्हात घाम गाळून बसवलेला पंप एकदाही न चालवता काढायचा म्हणजे काय? तशाच डोक्याने मी साहेबाबरोबर म्होरक्याच्या बैठकीला गेलो.

खजूर आले, मागोमाग कहवा, म्हणजे अरबांची बिनदुधाची कॉफी, आला. तो जखमी भाऊच लंगडत लंगडत ओतत होता. साखरेचा कण नाही, काढ्यासारखा कडू. पहिला कप मी औषध म्हणून घेतला. त्याने तो पुन्हा भरला. दुसरा कसाबसा संपवला, तर पुन्हा भरला. पुरे म्हणायला रिकामा कप हलवायचा असतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. तिसरा मी तोंडालाही न लावता सरळ चटईवर ठेवून दिला.

बैठकीतले सगळे त्या कपाकडे बघू लागले. म्होरक्या तरुणपणी मोत्यांच्या व्यापारात बरीच वर्षं मुंबईला राहिलेला, त्यामुळे मोडकंतोडकं हिंदी बोलायचा. त्याने माझ्याकडे रोखून पाहिलं.

"बोल बेटा, तेरे को क्या मांगता?"

साहेब डोळ्यांनी काहीतरी खुणावत होता, पण माझं लक्ष कुठलं असायला. मला वाटलं, म्हातारा पंपाचंच विचारतोय.

"मेरे को क्या मांगता?" मी म्हणालो. "नीचेवाली औरत लोग को पानी भरने दो. मेरा पंप चालू होएगा, मैं घर जाएगा. खलास."

म्हातारा भावाकडे वळून अरबीत काहीतरी बोलला. भावाचा जबडा आवळला, पण त्याने मान खाली घातली. मग म्हातारा मला म्हणाला, "पी ले. दे दिया."

बाहेर आल्यावर साहेबाने मला सगळं उलगडून सांगितलं. पाहुण्याने भरला कप न पिता खाली ठेवला, तर त्याचं काही मागणं आहे असं समजतात, आणि ते पुरवणं हा यजमानाच्या अब्रूचा प्रश्न असतो. साहेबाने माझी पाठ थोपटली. मला हसू आवरेना. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, त्यातली गत.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंप सुरू झाला. पाणी आलेलं पाहून मला फार बरं वाटलं. खालच्या गावच्या बायका बिचकत बिचकत आल्या. सगळ्यांच्या मागे म्हाताऱ्याची लेक होती, कडेवर बाळ. ती आधी बापाकडे गेली नाही. लंगड्या काकापाशी जाऊन तिने त्याच्या कपाळाचं चुंबन घेतलं. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. तेव्हा कुठे म्हाताऱ्याने पुढे होऊन नातवाला उचललं.

सगळे पाण्यात गुंतलेले पाहून मी त्याच्याजवळ गेलो आणि हळूच सांगितलं, "बाबा, कल मेरा मांगना-बिंगना कुछ नहीं था. कहवा कड़वा लगा, इसलिए रखा."

"मालूम है," तो म्हणाला. त्याची नजर बाळावरून हलली नाही. "मुंबई में इतना साल रहा. तुम लोग शक्कर के बिना कुछ पीता है?"

त्याने आवाज आणखी खाली आणला.

"मैं बोलता, मेरे को बेटी देखना है, तो भाई को मुंह कैसे दिखाता? मेहमान ने मांगा, वो मैं बोल सकता."