पितळी पातेली आणि रशीदचाचा

मैत्रिणींनो, स्वयंपाकघरातून प्लास्टिक आणि नॉनस्टिक हद्दपार करायचं ठरवलं आणि आज माळ्यावरची आईची पितळी पातेली खाली काढली. कल्हई केल्याशिवाय त्यात स्वयंपाक करता येत नाही, म्हणून रशीदचाचांचं घर गाठलं. धारूरात आमच्या घरच्या भांड्यांना कल्हई तेच करायचे.

दार चाचींनी उघडलं. माझ्या हातातली पातेली बघून त्या उंबऱ्यातच बसल्या.

"लई उशीर केला गं बाई. त्यांना जाऊन चार महिने झाले. शेवटी शेवटी गल्लोगल्ली फिरायचे, पण कुणी एक भांडं देत न्हवतं."

ते आमच्याही दारी आले होते. भर उन्हात. "चाचा, आता पितळ कोण वापरतं?" असं मी हसत म्हणाले होते. पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

"आता हे काम कोण करतं?" मी कसंबसं विचारलं.

"कुणीच न्हाई. भाता मी ओढायची, पण हात त्यांचा होता."

पातेली तशीच घेऊन घरी आले. दुपारपासून त्यांच्याकडे बघवत नाही.

तुमच्या गावात कल्हईवाले अजून आहेत का? असतील तर एखादं भांडं घेऊन उद्याच जा.