पांढरं रीळ, हाफव्हाईट रीळ

दुकानात जाऊन गप्प बसणं मला जमत नाही. नांदेडला घराच्या पुढच्या खोलीत मी फॉल-पिकोचं दुकान चालवते, त्यामुळे कापड घ्यायला गेले तरी चार प्रश्न विचारल्याशिवाय पिशवी उघडत नाही. चष्म्याच्या दुकानात तर माझ्याच डोळ्यांचा मामला होता.

जवळचा नंबर वाढला होता. दुकानदारानं विचारलं, काच की फायबर? मी विचारलं, फरक काय? काच जड, पण ओरखडे कमी. फायबर हलकं, पण पदरानं पुसलं की संपलं. मग कोटिंग. अँटीग्लेअर घेतलं की भिंगावर ट्यूबलाइट चमकत नाही. त्याच्यावर ब्लू कट, मोबाइल बघणाऱ्यांसाठी, निळा उजेड अडवायला. मोबाइल मी फारसा बघत नाही, पण भिंग तिरकं धरलं की जी निळी झाक चमकायची ती मला भारी आवडली. घेतला ब्लू कट.

थोड्याच दिवसांनी शेजारच्या गल्लीतल्या मास्तरीणबाई साडी परत घेऊन आल्या. पांढऱ्या साडीला मी हाफव्हाईट फॉल लावला होता. "ताई, तुमच्या हातून असं होत न्हाई," एवढंच त्या म्हणाल्या. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. बायका लांबून माझ्याकडे येतात ते हिला रंग कळतो म्हणून. तो कळेनासा झाला तर मशीन काय, कुणीही चालवतं. मी चांगलीच घाबरले.

घरात माय होती. कंधारकडच्या गावाहून ती माझ्याकडे राहायला आली होती आणि आल्यापासून तिची एकच तक्रार: "हायब्रीड जवारी आणून राहिलीस तू. भाकर पिवळी दिसतीय." मी दोनदा किराणा दुकान बदललं, एका दुकानदाराशी तर कडाकडा भांडले. भाकरीत मला काही खोट दिसत नव्हती. म्हातारपणी माणसाला नावं ठेवायला काहीतरी लागतंच, असं मी धरून चालले.

दुपारी पांढरं आणि हाफव्हाईट अशी दोन रिळं घेऊन मी दारात उजेडाला बसले. चष्म्यातून दोन्ही जुळी भावंडं. घाम पुसायला चष्मा काढला, तर धागा धूसर झाला, पण रंग मात्र वेगळे दिसायला लागले. पुन्हा घातला: धागा स्पष्ट, रंग एक. पुन्हा काढला. मला मजाच वाटायला लागली. माय आतून म्हणाली, "लहान हायस का आता, खेळून राहिलीस ते?" डोळे शाबूत होते, भानगड भिंगात होती. जीव भांड्यात पडला.

रिळं घेऊन तशीच चष्म्याच्या दुकानात गेले.

"ब्लू कटमध्ये थोडी पिवळी झाक येतीच, ताई. सवय होऊन जाईल."

"मला होईल. साडीवाल्या बायकांना कशी व्हायची?"

त्यानं कोरा कागद अंथरला. त्यावर रिळं ठेवून आम्ही एकेक भिंग वर धरत गेलो. माझ्यापेक्षा त्यालाच जास्त गोडी लागली, गिऱ्हाईक ताटकळत ठेवून तो नवी भिंगं काढत होता. साधं अँटीग्लेअरचं फायबर धरलं तेव्हा दोन्ही रंग सुटे झाले. तेच घेतलं. पदरानं पुसणार नाही, असं कबूलही केलं.

नवा चष्मा आला त्या दिवशी माय जेवायला बसली होती. मला जरा तोरा मिरवायचा होता. तिच्यासमोर रिळं धरली. "सांग, ह्यातलं पांढरं कंचं?"

तिनं ती खिडकीकडे धरून निरखून बघितली. "दोन्ही बी एकच, पिवळी. तुझ्या हायब्रीड जवारीसारखी."

मी हसले, आणि हसता हसताच लक्षात आलं की तिचा चष्मा जुना, साध्या काचेचा आहे. त्यावर कसलंच कोटिंग नाही. मी तो तिच्या डोळ्यांवरून हळूच काढला.

"आता?"

"आता बी तसंच हाय की."

पिवळेपण तिच्या डोळ्यांतच होतं, मोतीबिंदूचं असणार. मला चष्मा काढून ठेवता आला, तिला डोळे काढून ठेवता येणार नव्हते. इतके दिवस ती दिसत होतं तेच सांगत होती.

"माय, जवारी चांगलीच हाय," मी म्हणाले. "उद्या तुझे डोळे दाखवून येऊ."

तिनं भाकरीचा तुकडा मोडला, उजेडाकडे धरून उलटसुलट बघितला.

"मंग त्या किराणावाल्याशी भांडलीस कशाला?"