डाव्या हाताचं अक्षर

रोहण्याला बुद्धविहारासमोर एक फळा आहे. आमच्या गल्लीतले निवृत्त इंग्रजीचे सर त्यावर रोज सकाळी एक क्रियापद लिहितात. परवा 'आस्क' होतं. खाली त्याचे भाऊबंद, वापरासकट: बसस्टँडवर एन्क्वायर, ठाण्यात क्वेश्चन, साहेबापुढे रिक्वेस्ट, घरी नुसतं आस्क. त्याखाली मुलांनी एक वाक्य लिहावं म्हणून मोकळी जागा सोडलेली, आणि कडेला खडूचा तुकडा.

मुलं आता व्हॅनमधून आर्वीच्या कॉन्व्हेंटला जातात. व्हॅन विहारापाशी थांबत नाही.

"सर, कोणी वाचते का हे?" मी एकदा विचारलं होतं.

"वाचते ना. एक पोट्टी रोज वाक्य लेहून जाते. अक्षर खराब हाये तिचं, पण सुधरून राह्यलं."

काल माझी बस चुकली, म्हणून मी परत फिरलो. फळ्यासमोर सर एकटेच होते. खडू डाव्या हातात होता. वाकड्यातिकड्या अक्षरात, एक चूक ठेवून, त्यांनी वाक्य लिहिलं. मी कडुलिंबाच्या झाडामागे थांबलो. त्यांनी खडू उजव्या हातात घेतला, चूक सावकाश दुरुस्त केली आणि खाली वळणदार अक्षरात लिहिलं, 'शाबास. उद्या येजो.'