स्पॅनिश वाइन आणि काकांचं पितळी पातेलं

आधीच सांगून ठेवतो, या किश्शात शहाणं कोणी नाही. माझे काका तर नाहीतच! पण सगळ्यात मोठा गाढव मी, तेव्हा हसायचं तर मोकळेपणानं हसा.

साठच्या दशकातली दुबई. कॉलेज मी सोडून दिलं होतं. पिवळ्या पडलेल्या नोट्स वाचून दाखवणाऱ्या म्हाताऱ्यांपुढे माना डोलवायच्या? कशाला? काका एका ब्रिटिश कंपनीच्या कॅम्पवर हेडक्लार्क. त्यांनी मला बोलावून घेतलं आणि ते उपकार रोज ताटात वाढले, लोणच्यासारखे.

मेस मॅनेजरची जागा रिकामी झाली. साहेब म्हणाला, "शुक्रवारचं डिनर सांभाळ. जमलं तर नोकरी तुझी."

काका म्हणाले, "नाही जमलं तर पुढच्या बोटीनं मुंबई. मुकाट बीए पुरं करायचं."

साहेबानं स्पेनची रेड वाइन दिली. "दुपारीच पसरट भांड्यात ओत, तिला हवा लागू दे. संध्याकाळी परत बाटलीत भर."

ओतताना एक घोट चाखला. अहाहा! पिकल्या करवंदाचा आंबटगोडपणा, मागून जुन्या लाकडी पेटीचा वास, शेवटी जिभेवर सुपारीचा तुरटपणा. हिच्याबरोबर भाजक्या खोबऱ्याचं सुकं मटण हवं, हे मला शाळेत न जाताही कळलं असतं. काकांनी मात्र हट्टानं सुरमईही तळायला लावली.

पसरट भांडं म्हणून मी काकांचं पितळी पातेलं उचललं.

"अरे, कल्हई उडालीय त्याची! आंबट ओतू नकोस, कळकेल."

"काका, हे तुमचं ताक नव्हे. स्पेनची वाइन आहे!"

"पितळेला काय कळतंय स्पेन?"

"खलास, काका, बास झालं! तुमचे नियम रत्नागिरीत ठेवून यायचे होतेत."

दुबईचा उन्हाळा. वाइननं सहा तास पातेल्यात काय केलं असेल, तुम्हीच विचार करा.

रात्री पाहुणे बसले, आधी सुरमई वाढली. पहिल्याच घोटाला साहेबाचा चेहरा पिळलेल्या लिंबासारखा झाला. त्यानं ग्लास माझ्यापुढे धरला. मी चाखला. करवंद नाही, पेटी नाही. गंजका नळ चोखल्यासारखी चव! कळकली होती. समोर काका ओठांनीच म्हणत होते, पातेलं, पातेलं!

कबूल करू? काकांसमोर? मेलो तरी नाही!

"सर, सुरमईमुळे," मी ठणकावलं. "रेड वाइनबरोबर मासे खाल्ले की तोंडात खिळा ठेवल्यासारखं लागतं." हे अगदी खरं आहे, हवं तर करून बघा.

सुरमई उचलली गेली. पाहुण्यांनी मटण खाऊन घोट घेतला. एकाला ठसका लागला.

"मिरची जास्त झालीय, सर. तिखटानं वाइन कडू होते."

मटण गेलं. चीज आणलं.

"हे डब्यातलं, सर. डब्याची चव उतरते."

चीज गेलं. मग लोणचं गेलं, कांदा गेला, शेवटी मी पावावरही आरोप केला! पाहुणे रिकाम्या टेबलाकडे बघत बसले. काका, ज्यांना दारूचा वाससुद्धा पाप, साहेबानं भरलेला ग्लास हातात धरून "व्हेरी नाइस, सर, व्हेरी नाइस" म्हणत होते. वडीलधाऱ्यांचा हा कणा! आणि यांच्यापुढे मी वाकायचं?

साहेबानं काहीच न खाता पुन्हा एक घोट घेतला. चव तीच.

"आता?" तो म्हणाला.

मी छाती काढली. "सर, सायन्स आहे हे! एकेक वस्तू बाजूला काढत गेलं की खरा दोष सापडतोच."

"करेक्ट," साहेब म्हणाला. "आता टेबलापासून बाजूला काढायला फक्त तू उरलायस."