मधल्या माणसानं गाळलेलं

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. प्राचीच्या आईनं शाळेत जे सांगितलं ते मी पुढे पोचवलं नाही. विसरलो नाही, चुकलोही नाही. मुद्दाम.

मॅसॅच्युसेट्समधलं एक बऱ्यापैकी श्रीमंत गाव. मिडल स्कूलची छोटी मीटिंगची खोली. गोल टेबल, मधोमध टिश्यूचा खोका. एका बाजूला असिस्टंट प्रिन्सिपल आणि काउन्सेलर, दोघी गोऱ्या, दोघी प्रेमळ. समोर प्राचीची आई. नांदेडकडची, पस्तिशीतली. नवरा क्लायंटच्या ऑफिसला दुसऱ्या राज्यात, आठवडाभर तिकडेच. बाईला इंग्रजी येत नाही. मधल्या खुर्चीवर मी.

सुरुवातीला दुभाष्यानं दोन्ही बाजूंना एक गोष्ट सांगायची असते. मी सांगितली. या खोलीत जे जे बोललं जाईल ते मी जसंच्या तसं सांगेन, काही घालणार नाही, काही गाळणार नाही. इंग्रजीत सांगितलं, मग मराठीत. बाईनं मान हलवली. तिचा विश्वास बसला.

मग ती बोलली. रडली नाही. घरून मनात जुळवून आली असावी.

"माझ्या लेकराला ह्या आपल्याकडच्या पोरींनी जात विचारली. आधी आडनाव विचारलं. त्याच्यावरून कळंना म्हणून गाव विचारलं. गावावरूनबी कळंना, मग विचारलं, तुमच्या घरात भिंतीवर कुणाचा फोटो हाय. लेकरानं खरं सांगितलं. त्या दिवसापासून तिला जेवायच्या टेबलावर बसू देईनात. माझं लेकरू संडासात बसून डबा खातंय."

मी ऐकलं. तोंड उघडलं. आणि इंग्रजीत म्हणालो की काही मुलींनी माझ्या मुलीला तिच्या कुटुंबाबद्दल बरेच प्रश्न विचारले, त्यामुळे तिला एकटं पडल्यासारखं वाटतं, आणि ती कधीकधी जेवायला बाथरूममध्ये जाते.

बघा, यात खोटं काही नाही. वाक्य कसं व्यवस्थित बसलं. कुणी वाईट नाही, कुणाचा दोष नाही. काउन्सेलरनं सुस्कारा सोडला. म्हणाली, या वयात मुली अशाच असतात. मग तिनं उपाय सांगितला. प्राचीनं काही दिवस तिच्या खोलीत जेवायला यावं, दोनतीन लाजऱ्या मुली तिथे येतात, मैत्री कशी करायची ते तिथे शिकवतात.

म्हणजे ज्या मुलीला उठवलं तिनंच शिकायचं, लोकांत कसं बसावं.

हे मात्र मी बाईला जसंच्या तसं मराठीत सांगितलं. इथे काही गाळलं नाही.

बाहेर कॉरिडॉरमध्ये आल्यावर तिनं विचारलं, "कळलं ना दादा त्यांना, मी काय म्हनले ते?"

"हो ताई. सगळं सांगितलं."

ती गेली. शाळेनं सगळं ऐकलं आणि तरी आपल्याच पोरीला धडे द्यायचं ठरवलं, हे घेऊन गेली.

आता माझं सांगतो. मी या शाळेत पॅराप्रोफेशनल आहे. शिक्षक नाही, शिपाई नाही, मधलं काहीतरी. ज्या मुलांना वर्गात मदत लागते त्यांच्या शेजारी बसायचं. जेवणाच्या सुट्टीत कॅफेटेरियात उभं राहायचं. मराठी किंवा हिंदी लागलं तर मीटिंगला बोलावतात. पूर्वी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये होतो. नोकरी गेली, पन्नाशीत दुसरी मिळेना. या जागेचं मला इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या मीनलवहिनींनी सांगितलं. शाळेच्या पालक कमिटीवर त्यांचं वजन आहे. मंडळाचा गणपती त्यांच्याच घरून येतो. प्राचीला टेबलावरून उठवणाऱ्या मुलींत पहिली होती सानिका. मीनलवहिनींची मुलगी.

आणि मी प्राचीच्याच जातीचा. हेही अमेरिकेत मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. बायको जातीतली, तिला काय सांगायचं. पण बाहेर कुणाला नाही. माझं आडनाव गावावरून पडलेलं, कुठेही खपतं. कुठलं गाव, असं कुणी विचारलं की मी म्हणायचो, अमरावती. अमरावती माझा जिल्हा. गाव वेगळं आहे. गावाच्या पुढचा प्रश्न असतो, गावात कुठे? त्या प्रश्नापर्यंत मी कुणाला येऊच दिलं नाही. वस्तीतल्या प्रत्येक घरात जो फोटो दर्शनी भिंतीवर असतो तो माझ्या घरात कपाटात होता, स्वेटरांच्या मागे. चौदा एप्रिलला आम्ही पडदे ओढून मेणबत्ती लावायचो. मुलगा लहान असताना विचारायचा, इज इट अ सीक्रेट? आम्ही म्हणायचो, नाही रे, प्रायव्हेट आहे.

बारा वर्षांच्या प्राचीनं कॅफेटेरियात, सगळ्यांसमोर, खरं सांगितलं. मी पन्नाशी ओलांडली तरी सांगितलं नव्हतं. म्हणून तिच्या आईचं वाक्य माझ्या तोंडून निघेना. मी 'कास्ट' म्हणालो असतो तर त्या दोघी माझ्याकडेच वळल्या असत्या. हे काय असतं, आम्हाला समजावून सांगा. आणि सांगताना माझ्या आवाजानंच मला उघडं पाडलं असतं.

अजून एक. आईनं सांगायच्या आधीपासून मला सगळं माहीत होतं. जेवणाच्या सुट्टीत बाथरूमला जायचा पास, म्हणजे परवानगीची चिठ्ठी, देणारा मीच. प्राची यायची, स्वेटशर्टाखाली डबा लपवलेला, पोटाशी हात. पास मागायची. मी तिच्या पोटाकडे बघायचो नाही. पास द्यायचो.

रोज.

त्या मीटिंगनंतर काही आठवड्यांनी माझी गाड्यांच्या रांगेवर ड्यूटी होती. शाळा सुटली की पालकांच्या गाड्या ओळीनं येतात, आम्ही नारिंगी जॅकेट घालून त्यांना पुढे काढतो. बर्फ पडत होता. मीनलवहिनींची गाडी आली. काच खाली झाली. आतून गरम हवा आली.

काउन्सेलरचा फोन आला होता म्हणाल्या. सगळ्यांना सामावून घ्या, एवढंच म्हणाली बिचारी. हसल्या. मग म्हणाल्या, "बरं झालं तुम्ही होता तिथे. दुसरं कुणी असतं तर नको ते बोलून बसलं असतं."

मी म्हणालो, नको ते म्हणजे?

"अहो, राहू द्या. तुमचं आम्हाला पहिल्याच वर्षी कळलं होतं. गाव विचारलं की तुम्ही अमरावती म्हणता. गाव कोण लपवतं, कळत नाही का आम्हाला? पण कधी बोलून दाखवलं? पंगतीला बसवलंच ना आमच्या?"

आवाजात राग नव्हता. उलट माया होती. तेच जास्त लागलं. इतकी वर्षं मला वाटत होतं मी लपवतोय. मी काही लपवलं नव्हतं. त्यांनी मला लपू दिलं होतं. त्यांच्या घरी मी आरतीला टाळ वाजवले, खुर्च्या लावल्या, भांडी विसळली, आणि प्रत्येक वेळी त्या खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं की हा कोण. मी निघाल्यावर काय बोलत असतील? माझी कुठली वाटी वेगळी ठेवत असतील? आता कळायला मार्ग नाही. मागे जाऊन प्रत्येक जेवण पुन्हा जेवता येत नाही.

सानिका मागचं दार उघडून आत बसली. "हाय काका," म्हणाली. मागच्या गाडीनं हॉर्न दिला. मी बाजूला झालो, हातानं गाडी पुढे काढली.

आणि म्हणालो, "थँक यू."

कशाबद्दल? हा प्रश्न माझ्या डोक्यात तेव्हापासून आहे. गाडीमागून गाडी येत होती, मी हात हलवत होतो, आणि आतून काहीतरी तुटत चाललं होतं. थँक यू कशाबद्दल? एका पोरीला संडासात जेवायला लावलं आणि मी ते झाकलं, त्याची ही पावती. त्यांनी मला माझी जागा दाखवली आणि मी आभार मानले. माझ्या बापानं पाटलाच्या अंगणात उभं राहून मान खाली घातली होती, त्याला इलाज नव्हता. मला होता. मी शिकलेला, पासपोर्टवाला, तरी मान तीच.

हिवाळा संपत आला तेव्हा शाळेनं प्राचीच्या आईला पुन्हा बोलावलं. मुलगी फार दिवस शाळेत येत नव्हती. त्या हजेरीच्या मीटिंगला दुभाषा मीच. तीच खोली. असिस्टंट प्रिन्सिपलनं विचारलं, प्राची का येत नाही? आम्ही काय मदत करू?

बाई माझ्याकडे बघत नव्हती. सरळ तिच्याकडे बघून म्हणाली, "मी मागंच सांगितलं होतं. तुम्हाला ऐकायचंच नव्हतं. आता कशाला इचारता?"

आता हे इंग्रजीत सांगायचं होतं. आणि ते सांगितलं असतं तर खोटं झालं असतं, कारण त्यांनी ऐकलंच नव्हतं. त्यांना ऐकू येईल असं काही खोलीत बोललंच गेलं नव्हतं. मी टिश्यूच्या खोक्याकडे बघितलं.

आमच्या कामात चूक झाली तर ती तिथेच थांबून सांगता येते. मी थांबलो. इंग्रजीत म्हणालो, मागच्या मीटिंगमध्ये या आईनं जे सांगितलं ते मी तुम्हाला पूर्ण सांगितलं नाही. आता सांगतो. आणि सांगितलं. जात. आडनाव, गाव, फोटो. टेबलावरून उठवलं. सगळं, तिच्या क्रमानं. काउन्सेलरचं पेन थांबलं.

असिस्टंट प्रिन्सिपलनं विचारलं, हे तेव्हा का सांगितलं नाही?

मी म्हणालो, "बिकॉज आय ॲम फ्रॉम द सेम कास्ट. आय वॉज अफ्रेड."

मग असिस्टंट प्रिन्सिपल बरंच काही बोलली, चौकशी होईल, वरच्या ऑफिसला कळवावं लागेल, माझ्याबद्दलही. मला बरं वाटलं. खरं सांगतो, हलकं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी ते तोंडानं बोललो होतो.

तेवढ्यात प्राचीच्या आईनं विचारलं, "काय झालं दादा? काय म्हनले तुम्ही?"

आणि मी तिला सांगितलं, "काही नाही ताई. मागचं त्यांना नीट समजलं नव्हतं. पुन्हा समजावून सांगितलं."

दुसऱ्यांदा गाळलं. त्याच खुर्चीत, त्याच बाईचं.

इंग्रजीत कबूल करायला धाडस फार लागत नाही, हे मला तेव्हा कळलं. त्या दोघींना जात म्हणजे काय ते ठाऊक नाही. त्यांच्यापुढे मी जे बोललो त्याची मला लाज वाटायचं कारण नव्हतं. लाज वाटायला समोरच्याला कळावं लागतं. ती एकटीच होती जिला कळलं असतं, आणि तिच्यापुढे मी पुन्हा सभ्य माणूस झालो.

ती उठली. दाराशी मला म्हणाली, "तुम्ही होता म्हणून ऐकलं बगा त्यांनी. आपलं मानूस असलं की बरं असतं." हात जोडले.

मीही जोडले.

त्यानंतर चौकशी झाली. टेबलावरच्या मुलींच्या घरी पत्रं गेली. मंडळाच्या ग्रुपवर माझ्या मेसेजला आता कुणी उत्तर देत नाही. मीनलवहिनींची गाडी आली की काच वर असते. मला मीटिंगांवरून काढलं आहे, वर्गातलं काम अजून आहे, कदाचित तेही जाईल. त्याचं मला काही वाटत नाही. ते योग्यच झालं. जो माणूस गाळतो त्याला मधल्या खुर्चीवर बसवू नये.

बायको विचारते, तू असं काय केलंस की सगळे तुटले? मी म्हणतो, खरं बोललो. अर्धंच सांगतो.

प्राची परत येते आहे. अधूनमधून. कॅफेटेरियात खिडकीजवळ बसते, दुसऱ्याच मुलींबरोबर. माझ्याकडे पास मागायला येत नाही. मला बघून तोंड फिरवते. चौकशीत तिला कळलं असावं असं मला कधीकधी वाटतं. इंग्रजी तिला येतं. पण आईला तिनं काही सांगितलेलं नाही. नाहीतर बाईनं परवा दुकानात मला बघून पदर सावरत "बरं हाय ना दादा" असं विचारलं नसतं.

मी म्हणालो, बरं आहे. आणि कोथिंबिरीची जुडी उलटसुलट करत राहिलो.

आता असं टाळणार नाही. हे लिहून काढलं ते जाळायला नाही, आणि मन हलकं करायलाही नाही. हलकं मी एकदा झालो, चुकीच्या माणसांपुढे. माफी मागायला जाणार नाही. माफी मागितली की ती बाई "जाऊ द्या" म्हणेल, तिची सवयच आहे ती, आणि मी पुन्हा सुटेन.

मला जाऊन तिला सांगायचं आहे की शाळेनं ऐकलं नाही असं नव्हतं, मी ते पोचूच दिलं नाही. हिवाळाभर तिनं ज्यांच्यावर राग धरला त्या चुकीच्या बायका होत्या. आणि दुसऱ्या मीटिंगमध्ये मी काय म्हणालो, तेही शब्दाला शब्द. तिच्या घरी, मराठीत, प्राचीसमोर. एवढं मी तिचं देणं लागतो. ते अजून दिलेलं नाही.